ओझोनचं भोक आणि घरचं उळं

ब्याण्णव साली मी ओझोनवर पीएच.डी.ला नाव घातलं, तेव्हा माहेरी कोणालाच त्याचा अर्थ कळला नाही. मलाही पुरता कळला होता असं नाही. मी नाशिकला एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, इंदिरानगरात नव्यानेच झालेल्या एका इमारतीत राहत होते आणि महिन्यातून एकदा एसटीने पुण्याला जाऊन माझ्या गाइडसरांसमोर बसत होते. सर मोजकं बोलायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "हाच विषय का?" मी म्हटलं, "आमच्याकडे गारा पडतात." सर हसले नाहीत. "मग गारांवर करा," म्हणाले. गारांवर करायला गारांच्या नोंदी कुठे होत्या? गार पडते ती अर्ध्या गावात. उरलेल्या अर्ध्या गावात ऊन असतं, आणि सरकारदरबारी त्या दिवसाचं हवामान 'अंशतः ढगाळ' असतं.

ओझोनचे आकडे मात्र होते. पुण्यात एका गच्चीवर लांबट पेटीसारखं यंत्र होतं. ते सूर्याकडे तोंड करून ठेवायचं आणि डोक्यावरच्या सगळ्या हवेत मिळून ओझोन किती आहे ते मोजायचं. हे काम कित्येक वर्षं चालू होतं. त्या आकड्यांत मला एक गोष्ट दिसली, म्हणजे सरांनी दाखवली म्हणून दिसली. हिवाळ्याच्या शेवटी उत्तरेकडची थंड हवा वरच्या वर दक्षिणेला घसरली की ओझोनचा आकडा चढायचा. ओझोन राहतो खूप उंचावरच्या कोरड्या हवेत. थंड हवा आली की त्या उंचावरच्या हवेचा तळ खाली उतरतो आणि आपल्या डोक्यावरचा थर जाड होतो. तीच थंड हवा खालच्या तापलेल्या हवेवर येऊन बसली की आमच्याकडे गारा पडतात. वर आकडा चढतो आणि खाली पीक झोपतं, ही दोन्ही एकाच हवेची कामं.

पण हे झालं एक-दोन दिवसांचं. मला हाव होती सबंध मोसमाची. ओझोन दरसाल सारखा नसतो. तो ऊन पितो, भोवतालची हवा तापवतो, आणि तो कमीजास्त झाला की वरचे वारे आपली वाट बदलतात. त्या वाऱ्यांचा धक्का पुढच्या काही आठवड्यांत खालच्या हवेपर्यंत पोचतो, असं तेव्हा जगभर बोललं जाऊ लागलं होतं. मग शरद ऋतूतला ओझोन पाहून पुढच्या माघ-फाल्गुनात गारा येणार की नाही, हे दिवाळीलाच का सांगता येऊ नये? दिवाळीलाच, कारण दिवाळीच्या सुमाराला माझे वडील डोंगळे लावायचे. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो.

आमचं गाव चांदवड तालुक्यात आहे आणि आमच्या घरी कांदा सोडून दुसरं फारसं काही पिकत नसे. कांद्याच्या बियाला आमच्याकडे उळं म्हणतात. दुकानातलं उळं आमच्या घरात कधी आलं नव्हतं. नानांच्या आजोबांनी निवडत आणलेला एक वाण होता, फिकट विटकरी रंगाचा, बारीक मानेचा. कांद्याच्या चाळीत साठवला की दसऱ्यापर्यंत बोट लावायला नको. त्यातले निवडक कांदे बाजूला काढायचे, दिवाळीला त्यांचा वरचा भाग कापून बुडखे जमिनीत लावायचे. त्याला डोंगळे लावणं म्हणतात. कापलेल्या शेंड्यांची त्या दिवशी घरात भाजी असायची, झुणका असायचा, शेजारीही वाटी जायची. माघात त्या बुडख्यांना उंच दांडे यायचे, टोकाला पांढरे गोंडे, गोंड्यांवर मधमाश्यांचा गजर, आणि चैत्रात काळं उळं. हे उळं फार टिकत नाही. दुसऱ्या वर्षी निम्मंशिम्मं उगवतं, तिसऱ्या वर्षी मातीत टाकून विसरून जायचं. घरचा वाण राखायचा तर दरसाल बी धरावंच लागतं.

म्हणून आमच्या घराची एक रीत होती. निम्मे डोंगळे गावात लागायचे आणि निम्मे कळवणला, माझ्या आत्याच्या शेतात. आत्याच्या घरचा वाण वेगळा होता, तो त्यांच्या शेताच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या वाणासाठी आत्याच्या विहिरीजवळ एक तुकडा ठरलेला होता. दिवाळी झाली की नाना गोणी घेऊन कळवणची एसटी धरायचे, आणि चैत्रात जाऊन आपलं बी घेऊन यायचे. जाताना आत्याला लुगडं न्यायचे. चांदवडला गारा पडल्या तर कळवणला पडत नाहीत, आणि कळवणला पडल्या तर चांदवड वाचतं, असा आमच्या घराचा पिढ्यांचा अनुभव होता. मी पुण्याला जाऊन जे शोधत होते ते आमच्या आजोबा-पणजोबांनी असं गोणीत भरून सोडवलं होतं, असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. त्यांनी सोडवलं नव्हतं, नशिबाचे दोन वाटे केले होते. मला वाटे नको होते. मला नानांची ती दोन एसट्या बदलत केलेली वारेमाप धावपळ थांबवायची होती आणि मोकळेपणी सांगायचं होतं, नाना, यंदा लावा बिनधास्त.

सुरुवातीची काही वर्षं आकडे माझ्याशी चांगले वागले. शरदातला ओझोन आणि पुढच्या माघ-फाल्गुनात उतरलेली थंड हवा, असे जुन्या वर्षांचे आकडे शेजारी मांडले की एक नातं दिसायचं, अगदी हाताने रेघ ओढावी इतकं. मी उत्साहाने गावी जाऊन ते नानांना सांगायचे. ते समोर बसून, तंबाखू मळत, सगळं ऐकून घ्यायचे. "म्हंजे वरतीच ठरतं म्हन की," म्हणायचे. पण त्या वर्षांतही एक गोम होती. फिलिपाइन्समधला मोठा ज्वालामुखी नुकताच फुटून गेला होता आणि त्याची धूळ वरच्या हवेत जगभर पसरून ओझोन खात बसली होती. दोन-तीन वर्षांचे आकडे त्यामुळे बिघडले. सर म्हणाले, ते वगळा. मी वगळले. नातं आणखी छान दिसायला लागलं, आणि खरं तर तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

सप्टेंबरात ओझोन दिन असतो. एका वर्षी गावच्या शाळेने मला भाषणाला बोलावलं, गावची लेक म्हणून. मी वर्गात शिरले तर फळ्यावर रंगीत खडूंनी छत्री काढलेली. छत्रीखाली पृथ्वी, आणि छत्रीला मोठं भोक. ही छत्री कोणी जन्माला घातली कोण जाणे. पाठ्यपुस्तकात तीच, पोस्टरवर तीच, निबंधात तीच. मला त्या छत्रीचा मनापासून संताप येतो. ओझोनचं भोक म्हणजे काही फाटलेलं कापड नाही. दक्षिण ध्रुवावर दरसाल तिकडच्या वसंतात, म्हणजे आपल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, ओझोन पातळ होतो आणि पुन्हा भरतो, एवढंच. हे सगळं मी सांगितलं. पण पोरांचं लक्ष त्या छत्रीकडे, आणि पोरांच्या पुढे, पहिल्या ओळीत, पांढरी टोपी घालून बसलेल्या नानांचंही.

"भोक लय मोठं हाय का?" नानांनी विचारलं.

"मोठं आहे. पण दक्षिण ध्रुवावर."

"तिथून गारा इकडं येत्यात का?"

"नाही नाना. त्या भोकातून काही पडत नाही. ऊन जास्त येतं, तेही तिकडंच."

"मंग छत्री कशाला काढली?"

सगळा वर्ग हसला. हेडमास्तरही हसले. मी पुन्हा समजावलं, नानांनी मान डोलावली. पण त्या दिवसापासून गावात काहीही बिघडलं की ओझोन बिघडला. डाळिंबाला तेल्या रोग आला, ओझोन. विहीर आटली, ओझोन. कोणाच्या म्हशीने दूध कमी केलं तरी पारावर कोणीतरी वर बोट करायचं. मी गावी गेले की लोक चेष्टेने विचारायचे, काय बाई, भोक बुजवलं का? मीही चेष्टेत उत्तर द्यायचे. नाना मात्र चेष्टा करत नसत. ते वर्तमानपत्रात ओझोन हा शब्द शोधायचे, बातमी दोनदा वाचायचे आणि पान घडी घालून माझ्यासाठी ठेवायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं. लेकीचा विषय बापाने इतका मनावर घ्यावा याचं कोणाला वाटणार नाही?

मग दोन हजार दोनचं साल आलं. त्या वर्षी मोसमी पावसाचा अंदाज चांगला होता. रेडिओवर सांगितलं, वर्तमानपत्रांनी छापलं, लोकांनी रोपं टाकली. आणि जुलै महिना कोरडा ठणठणीत गेला. असा जुलै म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हता. मी पुण्याला गेले तेव्हा सर खिडकीशी उभे होते. "सगळी गणितं पुन्हा करून पाहिली म्हणे लोकांनी," ते म्हणाले. "गणितं बरोबर आहेत. पाऊस नाही." एवढा शहाणा माणूस इतका हरलेला मी कधी पाहिला नव्हता. नाना तोवर रेडिओवर अंदाज लागला की हातातलं काम थांबवायचे. त्या जुलैनंतर त्यांनी अंदाज ऐकणं सोडलं. बटण फिरवून भजनं लावायचे.

माणूस एक आधार सुटला की दुसरा पकडतो. पितृपक्षात मी गावी गेले तर नाना ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन वाटच पाहत होते.

"बाई, तुझं भोक बुजलं म्हनं."

बातमी खरी होती. त्या वर्षी दक्षिण ध्रुवावरची वरची हवा एकाएकी तापली, भोक नेहमीपेक्षा लहान राहिलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. आमच्या क्षेत्रात नुसती खळबळ उडाली होती. मी नानांना सांगितलं की हे याच वर्षापुरतं आहे, पुढच्या वर्षी भोक पुन्हा पहिल्यासारखं होईल. त्याचा तिकडच्या समुद्रांवरच्या वाऱ्यांवर परिणाम होईल, ऑस्ट्रेलियाच्या हवेवर कदाचित होईल. आपल्या गारांशी त्याचा काडीचा संबंध नाही.

"पर कमी झालंय ना?"

"भोक? हो, कमी झालंय."

"ऱ्हाऊ दे मंग," ते म्हणाले आणि पानाची घडी घालून खिशात ठेवली. आईने जेवायला हाक मारली. विषय तिथेच राहिला.

संक्रांतीला मी पुन्हा गेले. नेहमीप्रमाणे आधी मळ्यात गेले, आणि आमच्या विहिरीजवळचा डोंगळ्यांचा तुकडा पाहून थबकले. तो नेहमीच्या दुप्पट होता. दांडे वर यायला लागले होते. रांगा सुरेख होत्या, पाणी नीट दिलेलं होतं, दुष्काळी साल असून विहिरीचं जे काही होतं ते सगळं तिथे ओतलेलं दिसत होतं.

"कळवणला किती लावले?" मी विचारलं.

"यंदा नाय धाडले."

मला आधी वाटलं आत्याच्या घरी काही झालं. तसं काही नव्हतं. झालं होतं ते एवढंच, की आदल्या चैत्रात नाना बी आणायला गेले तेव्हा आत्याचा थोरला मुलगा म्हणाला होता, मामा, दरसाल हा तुकडा अडकून पडतो, आम्हाला तिथं टोमॅटो घ्यायचा आहे. नानांच्या ते मनाला लागलं होतं. भाच्यापुढे हात पसरायचा त्यांना कंटाळा आला होता. आणि मग वर्तमानपत्रात ती बातमी आली.

"भोक बारकं झालं म्हनून गारा कमी येनार, असं कोणी सांगितलं तुम्हाला?" माझा आवाज चढला. रागात मी त्यांच्यासारखीच बोलू लागते. "मी सांगितलं होतं ना, संबंध नाय म्हनून?"

"तू सांगितलं, संबंध नाय. रेडिओनं सांगितलं, पाऊस येनार. मी कोनाचं ऐकू?"

"म्हणजे माझं आणि रेडिओचं एकच?"

"तसं नाय गं." ते खाली बसून एका दांड्याजवळची माती उगाच बोटांनी दाबू लागले. "तू दहा सालं शिकती हायेस. तुझं ते भोक कमी झालं, तर काय तरी चांगलंच व्हनार ना? काय तरी तर चांगलं व्हावं या साली."

डोंगळे लावायची वेळ कधीच टळून गेली होती. आता कळवणला न्यायला घरात निवडलेला एकही कांदा उरला नव्हता. मी नाशिकला परत आले आणि महिनाभर माझा जीव टांगणीला होता. कॉलेजात शिकवताना खिडकीतून ढग दिसला की वाक्य तुटायचं. नाशिकच्या घरी सगळ्यांना माहीत होतं, कोणी काही विचारायचं नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी पुण्यात होते. सर गच्चीवरून खाली आले आणि जिन्यातच म्हणाले, "आकडा चढलाय." त्यांनी उत्तरेकडच्या वाऱ्यांचे नकाशे मागवले. थंड हवा खाली उतरत होती, राजस्थान ओलांडून, आणि तिचा रोख आमच्याकडे होता. दहा वर्षं मी याच क्षणाची वाट पाहिली होती. नातं, रेघा, वगळलेली वर्षं, सगळं बाजूला ठेवून आकाश एकदा सरळ बोललं होतं आणि मला ते कळलं होतं. मी रस्त्यावरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन लावला.

"नाना, उद्या-परवा हवा बिघडेल. गारा पडतील असं वाटतं."

फोनमागे भजनं चालू होती, ती त्यांनी बंद केली.

"कितपत खरं?"

"या वेळी खरं वाटतं."

"मंग काय करू म्हनती? गोंडे कवळे हायेत. आत्ता कापले तर बियात नुसतं दूध. का छत्री धरू एकेकाला?"

ते चिडून म्हणाले नाहीत. खरंच विचारत होते. काही करता येईल का, आणि येत असेल तर काय, हे दहा वर्षं शिकलेल्या लेकीला विचारत होते. बूथवाल्याने बाहेर रांग आहे म्हणून काचेवर टकटक केलं, तेव्हा मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून थेट चांदवडला निघाले. दुपारी सिन्नरच्या पुढे आकाश काळं झालं. गावी पोचले तेव्हा गारा पडून गेल्या होत्या आणि वाटेच्या कडेला ढीग वितळत होते. आईने आणि नानांनी रात्रीतून काठ्या रोवून घरातली जुनी लुगडी तुकड्यावर बांधली होती, जितकी होती तितकी. लुगड्यांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि ओल्या चिंध्या मोडलेल्या दांड्यांना गुंडाळल्या गेल्या होत्या. एकही दांडा उभा नव्हता. पलीकडे रांगेने लावलेला उन्हाळ कांदा, आदल्या सालच्या घरच्याच बियाचा, पातीसकट जमिनीला चिकटला होता. नाना बांधावर बसून तुटलेले गोंडे घमेल्यात गोळा करत होते. मी एक गोंडा चुरून पाहिला. बोटांना पांढरं दूध लागलं.

आम्ही घरात गेलो तोच फोन वाजला. आत्या होती. तिच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी कळवणकडचं 'शे' कधीच शिरलं होतं. नानांनी फोन कानाशी धरला आणि तिचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू आला.

"भाऊ, इकडं ऊन शे. टिपूस पन नही. तुमच्याकडं कसं?"

नानांनी मला फोन दिला आणि ते मागच्या दारी गेले. मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, तुकडा रिकामाच होता गं, टोमॅटो लावलाच नव्हता पोरानं. हे तिने मला नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. मी नानांना कधी सांगितलं नाही.

गारांनी झोडपलेला उन्हाळ कांदा काढला तो गोटीएवढा. तरी नानांनी त्यातले बरे निवडले, चाळीत वेगळे ठेवले, दिवाळीपर्यंत टिकले तर डोंगळे लावू म्हणून. मार बसलेला कांदा टिकत नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी आषाढभर ते सकाळी चाळीत जाऊन सडलेले वेचून टाकायचे आणि उरलेले पसरून ठेवायचे. श्रावणात वास घरात येऊ लागला. नवरात्राच्या आत सगळं उकिरड्यावर गेलं. आई म्हणाली, "एक तर टिकायचा." एका डब्याच्या तळाशी नानांना अडीच वर्षांचं मूठभर जुनं उळं सापडलं. त्यांनी ते वाफ्यात टाकलं, पाणी दिलं, पुन्हा पाणी दिलं. वाफ्यात गवत उगवलं. मग दुकानातून पुड्या आल्या आणि त्यांचं रोप टाकलं गेलं. रोप झकास उगवलं. नाना त्या वाफ्याकडे फिरकत नसत, पाणी माझा भाऊ द्यायचा.

त्याच हिवाळ्यात माझा प्रबंध पुरा झाला. शेवटच्या काही वर्षांचे आकडे भरल्यावर माझी सुंदर रेघ विस्कटून गेली. वगळलेली वर्षं परत घेतली तरी जमेना, टाकली तरी जमेना. एका-दोन दिवसांचं नातं पक्कं होतं, पण ते माझ्या आधीच्या लोकांनी कधीच शोधून ठेवलं होतं. मोसमाचं नातं म्हणून मी जे दहा वर्षं सांभाळलं ते थोड्या वर्षांचा योगायोग होता. मी शेवटच्या प्रकरणात तसं स्वच्छ लिहिलं. परीक्षकांना माझा प्रामाणिकपणा आवडला. लोक मला डॉक्टर म्हणू लागले. नानांनी गावात पेढे वाटले आणि विचारणाऱ्यांना सांगितलं की पोरीने हवेत शोध लावला. शोध असा होता की काही सांगता येत नाही. मी तो पेढा खाल्ला. इतकी हताश मी आयुष्यात पूर्वी कधी नव्हते आणि नंतरही फारशी झाले नाही.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. दिवाळीत त्या डब्यात राहिलेलं चिमूटभर उळं मी पदराला बांधून नाशिकला आणलं होतं. स्वयंपाकघरात ओल्या फडक्यात पसरलं, रोज उघडून बघायचे. बहुतेक बी काळं आणि मेलेलं राहिलं. थोड्यांना वाकडे पांढरे मोड आले. ते मी बाल्कनीतल्या कुंड्यांत लावले. काही पात आल्या आल्या सुकले, काहींना रोगाने पिवळं केलं. एक जगला. फाल्गुनात मातीतून त्याचा खांदा दिसायला लागला, फिकट विटकरी. मी त्याला हात लावायला भीत होते.

चैत्रात नाना डोळे तपासायला नाशिकला आले. पहिल्याच दिवशी मी त्यांना बाल्कनीत नेलं. पात पडली होती, कांदा तयार झाला होता. त्यांनी खाली बसून माती बाजूला केली, कांदा उपटला, धोतराला पुसला. मानेवरून अंगठा फिरवला, बुडाशी नख लावून पाहिलं, नाकाशी धरला.

"आपलाच हाय," म्हणाले.

"दिवाळीपर्यंत ठेवू. मग कुंडीतच डोंगळा लावू. एका गोंड्याचं तरी बी मिळेल."

"एकट्याचं बी नीट धरत नाय बाई. धरलं तरी दोन-चार सालांत वाण मोडतो. त्याला सोबत लागती." त्यांनी बाल्कनीबाहेर पाहिलं. समोर इमारती आणि पाण्याच्या टाक्या होत्या. "आन् हितं मधमाशी कुठून यायची?"

"करून तर बघू, नाना."

कांदा हातात घेऊन ते स्वयंपाकघरात आले, पाटावर बसले आणि भाकरी आहे का विचारलं. सकाळची होती. मी ताट वाढलं. त्यांनी कांदा फरशीवर ठेवला, तळहाताने झाकला आणि वरून एक बुक्की मारली.

त्यांनी मोठा तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि मीठ मागितलं. आम्ही समोरासमोर बसून खाल्लं. ते एकेक पाकळी सोलून सावकाश खात होते. शेवटची आतली पाकळी बोटांत धरून ते थोडा वेळ थांबले, आणि मला वाटलं, ही ठेवतील. त्यांनी ती तोंडात टाकली आणि हात धुवायला उठले.